कुत्र्यांनी घेतला जीव, खुनाचा गुन्हा मालकिणीवर: नोलर खटल्याचा अभ्यास

कुत्रा चावला तर मालकाला जेल होते का, हा प्रश्न आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगमध्ये वरचेवर निघतो. ‘फार तर दंड होईल’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर, आणि बऱ्याचदा ते खरंही निघतं. अमेरिकेतही फारसं वेगळं नाही. तिथे कुत्रा चावल्याची बहुतेक प्रकरणं विमा कंपनीकडून भरपाई घेऊन मिटतात, फौजदारी कोर्टाचं तोंडही बघत नाहीत. मार्जरी नोलर या सॅन फ्रान्सिस्कोच्या वकीलबाईचं प्रकरण मात्र पार टोकाला गेलं. कुत्रा पाळणाऱ्यावर लागू शकणारा सगळ्यात जड आरोप, म्हणजे खून, तिच्यावर लागला आणि अखेर टिकला. टिकायला २००२ ते २००८ अशी सहा वर्षं लागली, आणि त्या काळात तीन कोर्टांनी तीन वेगवेगळ्या मोजपट्ट्या लावल्या.

या खटल्यावर लिहिणारे बहुतेक जण कुत्र्यांच्या जातीबद्दल आणि त्या विचित्र जोडप्याबद्दल लिहितात. दोन्ही विषय चवीचे आहेत खरे. पण निकाल फिरला तो एकाच मुद्द्यावर: घटनेच्या आधी मालकांना काय ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही त्यांनी काय केलं.

कुत्री कुठून आली

कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला पेलिकन बे नावाचा कडेकोट बंदोबस्ताचा तुरुंग आहे. तिथे पॉल श्नायडर नावाचा जन्मठेपेचा कैदी होता, ‘आर्यन ब्रदरहूड’ या गोऱ्या वर्चस्ववादी टोळीचा सदस्य. त्याने आणि त्याच्या कोठडीतल्या साथीदाराने १९९८ च्या सुमारास तुरुंगात बसून कुत्र्यांच्या पैदाशीचा धंदा काढायचं ठरवलं. जात निवडली प्रेसा कॅनारिओ. कॅनरी बेटांवरचं हे दणकट कुत्रं पूर्वी गुरं राखायला आणि कुत्र्यांच्या झुंजींसाठी वापरलं जाई. तुरुंगातून कुत्री सांभाळता येत नाहीत, म्हणून ती बाहेर एका खेड्यात राहणाऱ्या महिलेकडे ठेवली. तिथे या कुत्र्यांनी तिची मेंढरं, कोंबड्या आणि मांजर मारून टाकलं.

नोलर आणि तिचा नवरा रॉबर्ट नोएल, दोघंही वकील. पेलिकन बेच्या एका पहारेकऱ्याचा खटला लढवताना त्यांची श्नायडरशी ओळख झाली आणि ती वाढत गेली. कुत्र्यांवरून श्नायडरचं त्या महिलेशी बिनसलं, तेव्हा या दोघांनी तिच्यावर दावा लावला आणि एप्रिल २००० च्या सुरुवातीला कुत्री ताब्यात घेतली. देताना ती स्पष्ट म्हणाली की मला या कुत्र्यांची काळजी वाटते आणि यातल्या हेरा नावाच्या कुत्रीला तर गोळी घातली पाहिजे.

पहिला इशारा हा. दुसरा लगेच आला, आणि तो लेखी होता.

कुत्री हलवण्याआधी लसी टोचायला एका पशुवैद्याला बोलावलं होतं. ४९ वर्षांची प्रॅक्टिस असलेला माणूस. काम उरकल्यावर त्याने नोलरला स्वतःहून पत्र धाडलं. त्यात त्याने कळवलं की ही कुत्री अवाढव्य आहेत, त्यांना कसलंही शिक्षण किंवा शिस्त नाही, लस टोचायला जवळ जाणंसुद्धा मुश्कील झालं, आणि कुठल्याही घरात ती धोक्याचीच ठरतील. जवळच्या एका काउंटीत मोठ्या कुत्र्यांच्या हल्ल्यात एका मुलाला हात गमवावा लागला होता, त्याचीही त्याने आठवण दिली. न मागता, न विचारता, केवळ व्यवसायाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं हे पत्र. नोलरने त्याचे आभार मानले आणि कुत्री ठेवून घेतली.

फौजदारी वकिलाच्या नजरेतून या पत्राची किंमत काय? ‘मला कल्पना नव्हती’ हा बचाव या एका कागदाने जवळपास संपवला. तोंडी इशारा नाकारता येतो, साक्षीदाराचा हेतू संशयास्पद ठरवता येतो. ज्या महिलेवर तुम्ही दावा लावला तिची साक्ष तर सहज उडवता येते. आरोपीशी काही देणंघेणं नसलेल्या डॉक्टरचं पत्र उडवता येत नाही.

सहाव्या मजल्यावर

हेरा एप्रिल २००० च्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोत आली, बेन नावाचा कुत्रा सप्टेंबरमध्ये. पॅसिफिक हाइट्स हा शहरातला श्रीमंत भाग. इमारत जुनी, मजला सहावा, घर एका बेडरूमचं, आणि त्यात माणसाच्या वजनाची दोन कुत्री. बेन तर ६० किलोच्या पुढे.

पुढच्या काही महिन्यांत कुत्री अंगावर धावून आल्याचे किंवा आवरेनाशी झाल्याचे सुमारे ३० प्रसंग सरकारी पक्षाने कोर्टापुढे मांडले. एका टपालवाल्यावर दोन्ही कुत्री पट्ट्याशिवाय धावून गेली आणि तो आपल्या टपालगाडीमागे लपून कसाबसा वाचला. सहा वर्षांच्या एका मुलापासून ती फूटभराच्या आत पोचली होती, तेव्हा ओढून धरली गेली. आठ महिन्यांच्या गरोदर शेजारणीवर एकाने अचानक झेप घेतली. दुसऱ्यांची कुत्री फिरवण्याचं काम करणाऱ्या एका बाईने नोएलला सांगितलं की याला मुसकं घाला. नोएलने तिलाच शिवी हासडली आणि खोट तुझ्याच कुत्र्यात आहे म्हणून सुनावलं.

सप्टेंबरमध्ये समुद्रकिनाऱ्यावर बेनची दुसऱ्या कुत्र्याशी जुंपली. सोडवायला गेलेल्या नोएलचंच बोट बेनने असं फोडलं की शस्त्रक्रिया करावी लागली. मालकाचं बोट तुटायची वेळ आली, तरी बेनच्या तोंडाला मुसकं लागलं नाही.

डायान व्हिपल त्याच मजल्यावर राहायची. वय ३३, लॅक्रॉस या खेळातली राष्ट्रीय दर्जाची खेळाडू आणि सेंट मेरीज कॉलेजच्या महिला संघाची प्रशिक्षक. वजन जेमतेम ५० किलो. डिसेंबर २००० च्या सुरुवातीला यातलं एक कुत्रं तिच्या हाताला चावलं. त्यानंतर ती या कुत्र्यांना टाळून चालायची, असं तिच्या जोडीदार बाईने कोर्टात सांगितलं. घटनेच्या दोन आठवडे आधी नोएलने श्नायडरला लिहिलेल्या पत्रात या शेजारणीचा उल्लेख आहे: लिफ्टपाशी भेटलेली भेदरट, उंदरासारखी बुजरी, सोनेरी केसांची बाई. तिच्या घाबरण्याची त्याला गंमत वाटली होती. हे पत्रही ज्युरीपुढे, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळापुढे, आलं.

२६ जानेवारी २००१, शुक्रवार. दुपारी चारच्या सुमारास व्हिपल किराणा घेऊन घरी परतली. नोएल घरी नव्हता. नोलर बेनला गच्चीवरून खाली घेऊन येत होती, त्याला मुसकं नव्हतं. हेरा घराच्या उघड्या दारातून बाहेर आली. व्हिपलच्या दाराशी हल्ला सुरू झाला. समोरच्या वयस्कर शेजारणीने मदतीच्या हाका ऐकल्या, दाराच्या भिंगातून पालथी पडलेली बाई पाहिली आणि घाबरून पोलिसांना फोन लावला. पोलीस पोचले तेव्हा व्हिपल जिवंत होती, घराच्या दाराकडे सरपटायचा प्रयत्न करत होती. हॉस्पिटलमध्ये ती वारली. शवविच्छेदनात ७७ वेगवेगळ्या जखमा मोजल्या गेल्या. टाळू आणि तळपाय एवढेच काय ते सुटले होते.

नोलरही जखमी झाली होती आणि रक्ताने माखली होती. व्हिपलला वाचवायला मी तिच्या अंगावर आडवी पडले, असं तिचं म्हणणं. ते सगळंच खोटं होतं असं मानायचं कारण नाही. पण तिने मदतीला फोन केला नाही, आणि व्हिपलची अवस्था काय आहे याची पोलिसांकडे चौकशीही केली नाही, हे सरकारी पक्षाने पुनःपुन्हा ठासून सांगितलं.

बेनला त्याच दिवशी मारण्यात आलं. हेराचं प्रकरण वर्षभर चाललं आणि जानेवारी २००२ मध्ये तिलाही मारलं.

तोंडाने ओढवून घेतलेलं

घटनेनंतर या जोडप्याने जे केलं ते वकील म्हणून अनाकलनीय आहे. अशिलाला ‘एक अक्षर बोलू नका’ म्हणून सांगण्यात ज्यांची हयात गेली, ते दोघं बोलत सुटले. नोएलने सरकारी वकिलांना लांबलचक पत्र लिहिलं आणि त्यात सुचवलं की व्हिपलच्या अत्तराने किंवा ती घेत असलेल्या एखाद्या औषधाने कुत्री चेकाळली असतील. ८ फेब्रुवारीला नोलर एका राष्ट्रीय वाहिनीच्या सकाळच्या कार्यक्रमात म्हणाली की मी याला हल्ला म्हणणार नाही, व्हिपलला घरात शिरायला भरपूर वेळ होता, तिने दार लावून घ्यायचं होतं, मी असते तर लावलं असतं. ही चित्रफीत कोर्टात जशीच्या तशी दाखवली गेली.

भरीस भर म्हणजे हल्ल्यानंतर तिसऱ्याच दिवशी या दोघांनी ३८ वर्षांच्या श्नायडरला दत्तक घेण्याची प्रक्रिया पूर्ण केली. वर्तमानपत्रांना यापेक्षा काय हवं? दत्तकाचा आणि मृत्यूचा कायद्याने फारसा संबंध नव्हता. लोकांच्या मनात मात्र त्यानेच प्रकरणाचा निकाल लागला, आणि म्हणूनच खटला सॅन फ्रान्सिस्कोतून हलवून लॉस एंजेलिसला न्यावा लागला.

तीन कलमं

मार्च २००१ मध्ये ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला उभा राहावा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, आरोप निश्चित केले. ते नीट पाहिले तर पाळीव प्राण्यामुळे माणूस मेल्यावर मालकाला काय काय भोगावं लागू शकतं ते एकाच खटल्यात दिसतं.

सगळ्यात खालचा आरोप कॅलिफोर्निया दंडसंहितेच्या कलम ३९९ चा. प्राणी उपद्रवी आहे हे माहीत असताना त्याला मुद्दाम मोकळं सोडणं किंवा सर्वसाधारण काळजी न घेता ठेवणं, आणि त्यातून माणूस मरणं, हा गुन्हा. इथे मालकी सिद्ध करावी लागत नाही, ताबा पुरतो. ‘कुत्री आमची नव्हेतच, श्नायडरची’ अशी पळवाट म्हणूनच उपयोगाची नव्हती. शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं. मधला आरोप बेदरकारपणातून झालेल्या मनुष्यवधाचा, शिक्षा चार वर्षांपर्यंत. हे दोन्ही आरोप नवरा-बायको दोघांवर होते. तिसरा, दुसऱ्या दर्जाच्या खुनाचा, फक्त नोलरवर. त्याची शिक्षा १५ वर्षं ते जन्मठेप.

फक्त तिच्यावर का? प्रश्न रास्त आहे आणि पुढे न्यायाधीशांनाही तो छळत राहिला. नोएल अधिक उद्धट, शेजाऱ्यांशी अधिक तुसडा, आणि पत्रांतून अधिक उघडा पडलेला. पण फौजदारी कायदा स्वभावाला शिक्षा देत नाही, कृतीला देतो. त्या दुपारी बेनला मुसक्याशिवाय जिन्यात आणि व्हरांड्यात नेणारा हात नोलरचा होता.

आता मुख्य अडचण. खुनासाठी दुष्टबुद्धी लागते. व्हिपलला मारावं असं नोलरच्या मनात होतं, हे सरकारी पक्षही म्हणत नव्हता. मग खून कसा? कॅलिफोर्नियाच्या कायद्यात दुष्टबुद्धी दोन तऱ्हेची मानतात. एक उघड, म्हणजे मारायचाच इरादा. दुसरी गर्भित: मारायचं नसतं, पण आपण करतोय ते दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतं हे माणसाला कळत असतं, आणि कळत असून तो बेफिकीर राहतो. दारू पिऊन भरधाव गाडी चालवणाऱ्यावर तिथे कधीकधी खुनाचा आरोप लागतो तो याच तत्त्वाने. कुत्र्याच्या बाबतीत हा प्रयोग अगदीच दुर्मिळ होता. १९९७ मध्ये कॅन्सस राज्यात शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या ११ वर्षांच्या मुलाला रॉटवायलर जातीच्या कुत्र्यांनी मारलं, तेव्हा मालकिणीवर असाच खुनाचा गुन्हा सिद्ध झाला होता. कॅलिफोर्नियात असं आधी घडलं नव्हतं.

ज्युरीने २१ मार्च २००२ रोजी दोघांनाही सगळ्या आरोपांत दोषी ठरवलं. जाता जाता एक गोष्ट: नोलरच्या वकीलबाईंनी सुरुवातीच्या निवेदनात कोर्टाच्या फरशीवर रांगत जाऊन ‘माझ्या अशिलाने कसं वाचवायचा प्रयत्न केला’ हे करून दाखवलं होतं. ज्युरीवर त्याचा परिणाम झाला नाही, निदान हवा तसा तरी नाही.

तीन मोजपट्ट्या

इथून पुढचा भाग रुक्ष वाटेल, पण प्रकरणाचा जीव याच भागात आहे.

जून २००२ मध्ये खटल्याचे न्यायाधीश जेम्स वॉरन यांनी नोलरचा खुनाचा निकाल बाजूला ठेवला आणि त्या एका आरोपावर नव्याने खटला चालवायचा आदेश दिला. दोघंही शहरातलं सगळ्यात तिरस्करणीय जोडपं आहे असं ते भर कोर्टात म्हणाले, दोघांना मनुष्यवधाची कमाल चार वर्षांची शिक्षाही दिली. पण खून? त्यांच्या मते त्यासाठी नोलरला ‘मृत्यू होण्याची दाट शक्यता’ माहीत असायला हवी होती. कुत्री धोकादायक आहेत हे तिला कळत होतं. दार उघडून बाहेर पडलं तर आज कुणाचा जीव जाईल, हे तिच्या मनात होतं असं पुराव्यावरून दिसत नाही. शिवाय नोएल तितकाच किंवा जास्त दोषी असताना खुनाचा आरोप एकटीवर, हेही त्यांना खटकलं.

सरकार अपिलात गेलं. २००५ मध्ये अपील कोर्टाने न्यायाधीशांना चुकीचं ठरवलं आणि पट्टी एकदम खाली आणली: कुणाला गंभीर दुखापत होईल एवढं ज्ञान असलं तरी पुरे, मृत्यूची कल्पना असायला नको.

दोन्ही पट्ट्यांमधलं अंतर किती मोठं आहे पाहा. पहिली लावली तर कुत्र्याच्या मालकावर खून कधीच सिद्ध होणार नाही, कारण आपलं कुत्रं आज जीव घेईल असं मानून कोण त्याला फिरायला नेतं? दुसरी लावली तर चावरं कुत्रं बाळगणारा जवळजवळ प्रत्येक जण संभाव्य खुनी ठरतो.

३१ मे २००७ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही फेटाळल्या. न्यायमूर्ती जॉइस केनार्ड यांनी लिहिलेल्या एकमताच्या निकालात म्हटलं की मृत्यूची दाट शक्यता माहीत असणं गरजेचं नाही, पण निव्वळ दुखापतीची जाणीवही पुरेशी नाही. माणसाच्या जिवाला धोका आहे याची आरोपीला स्वतःला जाणीव हवी, आणि ती असूनही तिने बेफिकिरीने पाऊल उचललेलं हवं. ‘शहाण्या माणसाला कळलं असतं’ एवढ्यावर भागत नाही. तिला कळलं होतं का, एवढंच बघायचं. नोएलवर खून का लावला नाही, याबद्दल कोर्टाने सुनावलं की तो घटनास्थळी नव्हताच, त्यामुळे दोघांची तुलना गैरलागू.

ही पट्टी घेऊन प्रकरण खाली परत आलं. वॉरन तोवर निवृत्त झाले होते. न्यायाधीश शार्लट वुलर्ड यांनी ऑगस्ट २००८ मध्ये पुरावा नव्याने तोलला. पशुवैद्याचं पत्र, नोएलचं बोट, शेजाऱ्यांचे अनुभव, टपालवाला, मुसकं घालायचा सल्ला, आणि आपल्या ताकदीने बेन आवरत नाही याची नोलरला असलेली जाणीव. एवढं सगळं असून ती मुसक्याशिवाय त्याला माणसांची ये-जा असलेल्या व्हरांड्यात घेऊन गेली. खुनाचा निकाल कायम झाला, आणि २२ सप्टेंबर २००८ रोजी १५ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा झाली. २००४ मध्ये सुटून बाहेर आलेली बाई पुन्हा आत गेली. २०१० मध्ये अपील फेटाळलं, २०१६ मध्ये संघराज्याच्या अपील कोर्टानेही दाद दिली नाही, २०१९ मध्ये पॅरोल नाकारला गेला. दोघांची वकिलीची सनद केव्हाच गेली होती. नोएल २०१८ मध्ये वारला.

माझं मत विचाराल तर वुलर्ड यांचा निकाल बरोबर आहे, पण अगदी थोडक्यात बरोबर आहे. त्या ३० प्रसंगांत बेनने माणसाचा जीव घेण्याच्या जवळ जाणं किती वेळा घडलं होतं, हा बचाव पक्षाचा प्रश्न पोकळ नव्हता. पशुवैद्याचं पत्र नसतं तर मला वाटतं हा निकाल मनुष्यवधावरच थांबला असता.

या प्रकरणाचा एक धागा फौजदारी कायद्याबाहेर गेला. व्हिपलच्या जोडीदार बाईला नुकसानभरपाईचा दावा लावायचा होता, पण समलिंगी जोडीदाराला तोवर तो हक्कच नव्हता. तिने तो कोर्टात मिळवला, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्निया विधिमंडळाने नोंदणीकृत जोडीदारांना हा हक्क देणारा कायदा केला. एका कुत्र्याच्या खटल्यातून हे व्हावं, असं कुणाच्या मनातही नसेल.

हेच आपल्याकडे घडलं असतं तर

आपल्या कायद्यात कुत्र्याच्या मालकासाठी नेहमीचं कलम म्हणजे भारतीय दंडसंहितेचं २८९. ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तेच कलम २९१ म्हणून आलं. कैद तेवढीच राहिली, दंड पाच हजारांवर गेला. कुणाला इजा झाली तर त्याच्या जोडीला कलम १२५ लागतं, गंभीर इजा असेल तर तीन वर्षांपर्यंत. कुत्रं मुद्दाम अंगावर सोडलं तर मामला आणखी वेगळा, कारण घातक साधनाने दुखापत करण्याच्या कलमात ‘प्राण्याच्या साहाय्याने’ असे शब्द आधीपासूनच आहेत.

मुंबईत अशा शिक्षा झाल्याही आहेत. नेपियन सी रोडवर २०१० मध्ये एका रॉटवायलरने ७२ वर्षांच्या गृहस्थांना चावे घेतले. गिरगावच्या दंडाधिकारी न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मालकाला तीन महिन्यांची कैद दिली. निकालाला १२ वर्षं लागली, हा भाग वाचून कुणाला नवल वाटणार नाही. दुसरं प्रकरण वरळीचं. २०१८ मध्ये एका इमारतीत माणूस आपल्या लहान मुलाला घेऊन लिफ्टमध्ये होता. मुलाला कुत्र्यांची भीती वाटते, जरा थांबा, असं त्याने सांगितलं. मालकाने न ऐकता हस्कीला ओढत लिफ्टमध्ये आणलं आणि कुत्रा त्या माणसाला चावला. सीसीटीव्हीत सगळं आलं. २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची कैद झाली. मालक स्वतःच्या कुत्र्यालाही कसा फरफटत होता, याचीही कोर्टाने दखल घेतली.

दोन्ही ठिकाणी माणूस वाचला. मेला असता तर? पोलीस बहुधा हयगयीने मृत्यूचं कलम लावतील, पूर्वीचं ३०४-अ, आताचं १०६, ज्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण कलम १०५ चा दुसरा भागही आहे: मारायचा इरादा नाही, तरी आपल्या कृत्याने मृत्यू होण्याचा संभव आहे हे ज्ञान होतं, तर सदोष मनुष्यवध, दहा वर्षांपर्यंत. हे ‘ज्ञान’ म्हणजे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जे शोधायला सांगितलं त्याच्या बरंच जवळचं. वाहनांच्या बाबतीत आपल्याकडे ही उडी घेतली गेली आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या सात मजुरांना गाडीने चिरडलं. सत्र न्यायालयाने हयगयीचं कलम धरून सहा महिने दिले होते. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ते कायम केलं.

म्हणजे नोलरसारखं प्रकरण आपल्याकडे आलं तर तपास अधिकाऱ्याने पंचनाम्याबरोबर आणखी काय गोळा करायचं, हे उघड आहे. सोसायटीच्या कार्यालयात आलेले तक्रार अर्ज आणि त्यांवरची पोच. व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘अमक्यांचा कुत्रा पुन्हा अंगावर आला’ म्हणून टाकलेले मेसेज, आणि त्यावर मालकाने दिलेलं उत्तर. पशुवैद्याच्या फाइलमधल्या नोंदी. आधीच्या चाव्यांनंतर रेबीजची लस घेतल्याचे हॉस्पिटलचे कागद. मालकाच्या बाजूनेही हेच कागद बोलतात: तक्रारीनंतर त्याने मुसकं आणलं, प्रशिक्षक लावला, फिरवायच्या वेळा बदलल्या, तर ‘ज्ञान असूनही बेफिकीर’ म्हणणं अवघड होतं. नोलरच्या बाजूने असा एकही कागद नव्हता.

आपल्याकडे मात्र चर्चा जातीवर घसरते. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ आक्रमक जातींची आयात, विक्री आणि पैदास थांबवायला राज्यांना कळवलं. त्या यादीत रॉटवायलर होता, आणि बेन-हेराची कॅनारिओ जातही होती. संबंधितांचं म्हणणं न ऐकता काढलेलं हे परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात रद्द केलं. ते टिकलं असतं तरी वरळीच्या मालकाला त्याने अडवलं नसतं. हस्की त्या यादीत नव्हताच.